फेलिस्मिनाच्या दारातली फुलं

फेलिस्मिना घराबाहेर पडली की तिच्यामागून अर्धं स्वयंपाकघर बाहेर पडतं. ही खोड तिची तिलाच ठाऊक आहे, आणि ती चारचौघांत सांगताना तिला काडीची लाज वाटत नाही. लक्झेंबर्गमध्ये येऊन चाळीस वर्षं होऊन गेली, पण गावाबाहेर पाच मैल जायचं म्हटलं तरी तिच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की वाटेत भूक लागली तर काय करायचं. जणू पुढच्या वळणावर दुष्काळच दबा धरून बसलाय.

पहिल्या उन्हाळ्यातली तळ्याची सहल ती नेहमी सांगते. नवऱ्याने, म्हणजे अदेलिनोने, कोणाची तरी जुनी गाडी घेतली होती. मुलगी सेलिया तेव्हा चार वर्षांची. फेलिस्मिनाने पहाटे उठून कोंबडीचा भात केला, पातेलं सात वर्तमानपत्रांत गुंडाळलं, त्यावर घोंगडी गुंडाळली, आणि गाडीत ते पातेलं पोरीच्या पायांमध्ये घट्ट बसवलं. तळ्यावर बाकीची माणसं एकेक टॉवेल आणि मूठभर चेरी घेऊन आली होती. यांच्याकडे टेबल, तीन खुर्च्या, इस्त्रीचा टेबलक्लॉथ आणि वाफाळता भात. सगळे वळून बघायला लागले. फेलिस्मिनाला वाटलं, बिचारे उपाशी दिसतात. तिने शेजारच्या तीन टॉवेलांवर भरलेल्या ताटल्या पाठवल्या.

त्या दिवशी सेलियाला काही कळलं नाही, ती मजेत जेवली. पण पोरं मोठी होतात. सातव्या वर्षी त्याच तळ्यावर सेलिया हनुवटीपर्यंत पाण्यात जाऊन बसली, आणि पातेल्यावर झाकण पडेपर्यंत बाहेर आली नाही. ओठ निळे पडले तरी नाही.

"थंडी वाजतेय की लाज वाटतेय?" फेलिस्मिनाने काठावरून विचारलं.

"दोन्ही," पोरगी म्हणाली.

असे एकेका ऋतूचे एकेक पराक्रम होते. ऑगस्टमध्ये दोन दिवस गाडी हाकत पोर्तुगालला, मिन्योमधल्या आपल्या गावी जायचं, आणि येताना डिकीत घरचे बटाटे भरून आणायचे. लक्झेंबर्गला बटाटे पिकत नाहीत असं कोणी सांगितलं होतं कोण जाणे. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी गच्चीत चेस्टनट भाजायचे. पहिल्या वर्षी एवढा धूर झाला, की समोरच्या थिलबाई पाण्याची बादली घेऊन जिना चढून आल्या. आल्या त्या आग विझवायला, आणि गेल्या रात्रीचं जेवण उरकून. बादली तिथेच राहिली. तेव्हापासून दोघींची मैत्री. थिलबाई तेव्हाच सत्तरीच्या, विधवा, बोलायला फटकळ. फेलिस्मिनाचं फ्रेंच मोडकं होतं आणि थिलबाईंचं पोर्तुगीज अजिबात नव्हतं, पण दोघींचं कधी काही अडलं नाही.

सगळे सण असे ओढूनताणून बसवले, पण ईस्टर काही बसेना. मिन्योमध्ये ईस्टरच्या रविवारी क्रूस घरोघर फिरतो. पुढे छोटी घंटा वाजवणारा, मागे लाल झगे घातलेली माणसं, मध्ये फुलांनी सजवलेला क्रूस. ज्याला तो घरी यायला हवा असेल त्याने उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत हिरवा पाला आणि फुलं पसरायची. घंटा जवळ आली की घरातल्यांनी गुडघ्यावर बसायचं, क्रूसाचं चुंबन घ्यायचं, मग सगळ्यांना आत बोलावून गोड पाव आणि वाइन द्यायची. फेलिस्मिनाचं लहानपण त्या घंटेत अडकलेलं होतं. इथे तिने शहरातल्या पोर्तुगीज पाद्रींना विचारून पाहिलं. ते म्हणाले, बाई, माझी माणसं चाळीस गावांत विखुरलीत, मी काय उडत येऊ? म्हणून मग दर ईस्टरला ही तिघं शहरातल्या चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायची आणि परत येऊन गोड पाव खायची. दारात कोणी यायचं नाही. फेलिस्मिनाला तो सण अळणी लागायचा.

सेलिया नऊ वर्षांची झाली त्या वर्षी तिचं भलतंच काही सुरू झालं. इथे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी चर्चच्या घंटा गप्प होतात. लहान मुलांना सांगतात, घंटा रोमला गेल्यात. मग दोन दिवस गावातली मुलं लाकडी खटखटे घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ गल्लोगल्ली कर्रकर्र करत फिरतात आणि वेळ सांगतात. सेलियाला त्या टोळीत जायचं होतं. पण टोळी चर्चमध्ये पाद्रींच्या हाताखाली वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांची. त्यात मुलगी एकही नव्हती, पोर्तुगीज तर मुलगाही नव्हता. टोळीचा नायक निको, बेकरीवाल्याचा, तेरा वर्षांचा आणि तोऱ्यात.

"त्याला काय आवडतं?" अदेलिनोने मुलीला विचारलं.

"आवाज," सेलिया म्हणाली.

अदेलिनो बांधकामावर शटरिंगचा सुतार. स्लॅब टाकायच्या आधी फळ्या ठोकण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने कामावरून एक जाड फळी आणली आणि तीन संध्याकाळी खपून खटखटा केला. बाकीच्यांचे खटखटे हातात मावणारे. हा लांब दांड्याचा, वर आडवी फळी, दोन्ही हातांनी धरून फिरवायचा. पहिल्यांदा फिरवला तेव्हा थिलबाईंनी खिडकी उघडून विचारलं, की घर पाडताय का.

सेलियाने तो निकोला नेऊन दाखवला. निकोने एकदा फिरवला आणि त्याचे डोळे लकाकले. सौदा तिथेच झाला: खटखटा निकोने फिरवायचा, सेलियाने टोळीत यायचं. पण फक्त या वर्षी. पुढचं पुढे बघू, निको म्हणाला. पोरगी घरी आली ती हवेतच. फेलिस्मिनाने तिला इतकं हसताना त्या हिवाळ्यात पाहिलं नव्हतं. तिने लगेच विचारलं, "मग दुपारच्या फेरीला मुलांसाठी काही डब्यात देऊ का?" त्यावर पोरीचं हसू असं मावळलं, की फेलिस्मिना पुढचं बोललीच नाही. तिच्या आयुष्यात असं क्वचित घडलंय.

त्याच आठवड्यात तिने थिलबाईंना सहज विचारलं, ईस्टरला तुमच्याकडे दारोदार कोणी येतं का?

"येतात की," थिलबाई म्हणाल्या. "मिस्सा सुटली की निघतात. एक घर सोडत नाहीत."

"मग आमच्याकडे पाच वर्षांत कसे आले नाहीत?"

"तुम्ही असता कुठे घरी? शहरात जाता ना तुमच्या लोकांकडे. बंद दाराशी कोण थांबणार?"

दोघींनी आपापल्या परीने खरंच सांगितलं होतं. थिलबाई बोलत होत्या त्या खटखटेवाल्या मुलांबद्दल. दोन दिवसांच्या मेहनतीचं बक्षीस म्हणून ती रविवारी घरोघर अंडी गोळा करत हिंडतात. आणि फेलिस्मिनाच्या डोळ्यांपुढे आला तो फुलांचा क्रूस. पाच वर्षं आपण देवाला बंद दारावरून परत पाठवला, या विचाराने तिला रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून तिने स्वतःला मिन्योतल्या निवडक शिव्या दिल्या आणि ती कामाला लागली.

शनिवारी संध्याकाळीच तिने शहरातली मिस्सा उरकली. परतताना गाडीत तिने जाहीर केलं, की उद्या आपण कुठे जाणार नाही, घरीच. मागच्या सीटवर सेलिया एकदम गप्प झाली. दमली असेल पोर, फेलिस्मिनाला वाटलं. दोन दिवस कर्रकर्र करत फिरलीय.

रविवारी सेलिया गावातल्या मिस्सेला लवकर निघून गेली. इकडे भट्टीतून सहा गोड पाव निघाले. हा पाव मिन्योसारखाच, वर सालासकट अख्खी अंडी ठेवून त्यावर कणकेच्या पट्ट्यांची फुली मारून भाजलेला. घरातलं एकूण एक अंडं त्या सहा पावांत गेलं होतं. मग फुलं. थिलबाईंना तिने शुक्रवारीच विचारून ठेवलं होतं, की वाफ्यातले थोडे डॅफोडिल घेऊ का. थिलबाई म्हणाल्या, घे थोडे. "थोडे" म्हणजे किती यावर मिन्योचं आणि लक्झेंबर्गचं कधी एकमत झालेलं नाही. फेलिस्मिनाने वाफा मोकळा केला. उंबऱ्यापासून पायऱ्यांवरून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत पिवळा जर्द पट्टा पसरला. थिलबाई खिडकीत आल्या, पट्ट्याकडे बघितलं, आपल्या वाफ्याकडे बघितलं, आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून बसल्या.

अदेलिनोला तिने लग्नातला कोट चढवायला लावला. त्याचं एक बटण लागेना. "पोट आत घे," ती म्हणाली. "किती वेळ?" त्याने विचारलं. "देव येऊन जाईपर्यंत."

साडेअकराला कोपऱ्यावर घंटा वाजली. छोटी, हातातली, किणकिण. कोपऱ्यावरून लाल झगे वळले. तिने पुढचं काही पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. ती उंबऱ्यात गुडघ्यावर बसली, मागे अदेलिनो बसला, तिने मान खाली घातली आणि डोळे मिटले. घंटा जवळ आली. पुढे गेल्यासारखी वाटली. थांबली. कुजबुज झाली. मग फुलांवरून पावलं वर यायला लागली.

पावलं समोर थांबली. फेलिस्मिनाने डोळे मिटूनच मान उचलली, दोन्ही हात पुढे करून समोरचं लाकूड धरलं आणि मनापासून चुंबन घेतलं.

ओठ लावले आणि तिला वास आला. काँक्रीट चिकटू नये म्हणून शटरिंगच्या फळ्यांना लावतात त्या तेलाचा. एकवीस वर्षं ती त्या वासाचे शर्ट धूत होती. देवाच्या क्रूसाला हा वास यायचं काही कारण नव्हतं.

तिने डोळे उघडले. समोर निको उभा. मिस्सेतून तसाच निघालेला, अंगात वेदीवरचा लाल झगा, हातात अदेलिनोने केलेला खटखटा. त्याच्यामागे अंड्यांच्या टोपल्या घेतलेली दहा मुलं, तोंडं उघडी. घंटावाल्याची घंटा हवेतच राहिलेली. आणि सगळ्यांत मागे, पायरीच्याही खाली, सेलिया. तिचा चेहरा त्या तळ्यातल्यासारखा दिसत होता. फक्त बुडायला इथे पाणी नव्हतं.

मागून अदेलिनो पुटपुटला, "मला आधीच कळलं होतं. दांड्यावर माझा खिळा दिसत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू पोट आत घ्यायला सांगितलं होतंस."

निको मात्र गोंधळलेला होता. त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर घरांची यादी होती, आणि यांच्या घरावर काट मारलेली. शाळेतल्या फ्रेंचमध्ये त्याने शब्द जुळवत सांगितलं, की माफ करा बाई, आम्ही पुढे चाललो होतो, पण दार उघडं दिसलं, एवढी फुलं दिसली. "सेलिया म्हणाली होती, तुम्ही घरी नसणार."

हे फ्रेंच फेलिस्मिनाला शब्दन् शब्द कळलं. कधीकधी भाषा नको तेवढी नीट कळते. गाडीतली ती गप्प झालेली पोर आता तिला कळली. दहाही मुलं मागे वळून सेलियाकडे बघायला लागली. त्या बघण्यात काय होतं तेही फेलिस्मिनाला दिसलं. फक्त या वर्षीपुरती घेतलेली मुलगी, आणि पहिल्याच वर्षी टोळीला फसवलं. पुढचं पुढे बघू, असं निको म्हणाला होता. ते पुढचं आता इथे उंबऱ्यावर ठरणार होतं.

फेलिस्मिनाला जे लागलं ते लागलंच. पोटच्या पोरीने आपल्याला यादीतून खोडायला लावलं होतं. रडू आलं असतं तर कोणी तिला दोष दिला नसता. पण गुडघ्यावर बसलेल्या बाईला सगळं जरा खालून दिसतं, आणि खालून तिला पायरीपलीकडे पोरीचे बूट दिसले. नवे, ईस्टरसाठी घेतलेले, टाचा एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या. लहानपणी पडायच्या बेतात असली की सेलिया अशीच उभी राहायची.

"बरोबर सांगितलं तिने," फेलिस्मिना तिच्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली. "आम्ही शहरात निघालोच होतो. हा बघा, कोटसुद्धा घातलाय. पण गाडी चालू होईना."

सगळ्यांनी अदेलिनोच्या कोटाकडे बघितलं. अदेलिनोने मान हलवली. त्याची गाडी समोरच उभी होती. आदल्याच दिवशी तिने त्यांना शहरात नेऊन आणलं होतं, आणि तिच्याबद्दल असं बोललेलं त्याला आवडलं नव्हतं. पण तो म्हणाला, "बॅटरी."

"आणि इथे काय करत होता?" सगळ्यांत लहान मुलाने विचारलं. "खाली बसून?"

"आमच्याकडे असंच करतात," फेलिस्मिना म्हणाली. हे मात्र खरं होतं.

मग निकोला आपण आलोय कशाला ते आठवलं. त्याने टोपली पुढे केली आणि अंडी मागितली. फेलिस्मिना अदेलिनोच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. घरात सुटं अंडं एकही नव्हतं. तिने निकोला दारातून आत वाकून टेबल दाखवलं. सहा पाव, आणि प्रत्येक पावातून डोकं काढून बसलेली चार-चार अंडी. बेकरीवाल्याच्या पोराने जन्मात असला पाव पाहिला नव्हता. तो म्हणाला, ही अंडी बाहेर कशी काढायची? ती म्हणाली, बसून.

सेलिया धरून बारा मुलं आत बसली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर सालांचा आणि चुऱ्याचा खच पडला. अदेलिनोने वाइनची बाटली उघडली आणि बायकोच्या नजरेने परत बंद केली. थिलबाई आपली खुर्ची घेऊनच आल्या, वाफ्याची भरपाई म्हणून अख्खा एक पाव मागून घेतला, आणि मुलांना दम दिला, की उरलेली बावीस घरं वाट बघतायत. टोळी तासभर उशिरा निघाली. जाताना निकोने यादीवरची काट खोडली, आणि खोडाखोडीवर बरंच गिरवून पुन्हा त्या घराचं नाव लिहिलं.

सेलिया दोन वाजता परत आली. टोपलीत तिच्या वाट्याची रंगीत अंडी, एक चॉकलेटचा ससा. आईसमोर टोपली ठेवून ती बराच वेळ सशाचा कान सोलत बसली.

"आई, तू खोटं बोललीस," ती म्हणाली. "ईस्टरच्या दिवशी."

"मी गुडघ्यावर होते. गुडघ्यावरचं अर्धंच धरतात."

पोरीने दुसरा कान सोलायला घेतला. "मला वाटलं तू सगळ्यांना आत बसवून खायला घालशील."

"मग? घातलंच की."

"हो," सेलिया म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "निको म्हणतो, पुढच्या वर्षी तुमच्या घरापासून सुरुवात करायची. भूक लागलेली असते तेव्हाच." आणि तिने सशाचा सोललेला कान मोडून आईच्या तोंडात घातला.

पुढच्या वर्षी खरंच तिथून सुरुवात झाली. फुलं सेलियाने पसरली. वाफा थिलबाईंनी आधीच दोरी लावून वाटून ठेवला होता, हा तुझा, हा माझा. आणि पायरीवर आल्यावर निकोने खटखटा पुढे धरला. गेल्या वर्षी बाईंनी त्याचं चुंबन घेतलं होतं, म्हणजे या घरची रीतच असणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. फेलिस्मिना आता त्याला काय सांगणार, की अरे बाबा, ती माझी चूक होती? तिने गुडघे टेकले आणि फळीचं चुंबन घेतलं. तेलाचा वास थोडा कमी झाला होता.

निको मोठा झाला, त्याने पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. अशी पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. थिलबाई गेल्या, वाफा उरला. फळी तीच आहे, दांडा तिसरा. मधल्या काळात नवे पाद्री आले. त्यांनी कुतूहलाने विचारलं, ही दारातली प्रथा फार जुनी आहे का हो? फेलिस्मिनाने गंभीरपणे सांगितलं, फार जुनी, फादर. तेव्हा ती गुडघ्यावर नव्हती, त्यामुळे ते खोटं पूर्ण धरलं जाईल याची तिला कल्पना आहे.

या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गुडघे टेकायला बंदी केली, सहा पाव भाजायलाही. सेलिया म्हणाली, या ईस्टरला आमच्याकडे चला, उगाच त्रास नको. सेलियाची मुलगी इनेश आता दहा वर्षांची. टोळीत निम्म्या मुलीच आहेत, आणि अदेलिनोची फळी फिरवायची पाळी यंदा तिची होती. फेलिस्मिनाने मनातल्या मनात यादी बघितली आणि त्यावर काट दिसली.

शनिवारच्या फेरीनंतर पोरं चर्चच्या भिंतीवर बसून उद्याची घरं ठरवत होती. फेलिस्मिना काठी टेकत रस्त्यापलीकडून येत होती, तेव्हा तिने ऐकलं. नवा नायक विचारत होता, की इनेश, तुझी आजी उद्या घरी नसणार म्हणे? मग ते घर खोडू?

सेलिया तिथेच उभी होती, मुलीला न्यायला आलेली, टाचा एकमेकींना चिकटवून.

"आजी घरी असते," सेलियाच मध्ये बोलली. "पहिलं घर तेच. आणि उद्या फळी जरा वर धरा, ती खुर्चीत बसेल."